लहानपणीचा चार्ली पुन्हा बघायचा तर

आमच्या इंदूरच्या रामबागेत गणपतीत पडदा लागायचा, म्हणजे दोन बांबूंना ताणून बांधलेली पांढरी चादर. वारा सुटला की चार्लीचं पोट फुगायचं. चार्ली चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ मी नऊ वर्षांचा असताना तिथे पाहिला आणि पन्नास वर्षांनी, मागच्या दिवाळीत, दादाबरोबर पुन्हा पाहिला. त्या अनुभवावरून सांगतो.

सिनेमा शोधण्याआधी जे आठवतंय ते कागदावर लिहून काढा. दोघं असाल तर एकमेकांना न दाखवता. दादानं लिहिलं: बूट, कड्यावर लोंबकळणारी झोपडी, काट्यांना टोचलेल्या पावांचा नाच. माझ्या कागदावर एक ओळ जास्त होती: मागून कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं. दादा म्हणाला, “अरे, मूकपट आहे तो. बोलणार कोण?”

पण त्याच ओळीनं प्रत सापडली. मूळ सिनेमा १९२५चा, दीड तासाचा, मधे मधे संवाद लिहिलेल्या पाट्या असलेला. १९४२ साली चॅप्लिननं पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं, संगीत दिलं आणि काटछाट करून तो ७२ मिनिटांवर आणला. आम्ही चादरीवर पाहिला तो हा. म्हणून आधी लांबी बघा. पहिल्यांदा लहानपणी पाहिलेलीच प्रत लावा, दुसरी नंतर कधीतरी. शेवटही ताडून बघा: १९२५च्या प्रतीत चुंबन आहे, १९४२च्या प्रतीत नाही. मूळ प्रतीत माणसं सतत तुरुतुरु पळत असतील तर ती सोडून दुसरी शोधा. मूकपट कमी वेगानं चित्रित व्हायचे, ते आजच्या वेगानं चालवले की असं होतं.

मोबाइलवरचे तुकडे मात्र बघू नका. बुटाचा प्रसंग सुटा पाहिला तर त्यातली भूक कळत नाही. चार्ली बूट उकळतो, ताटात वाढतो, तळव्याचे खिळे कोंबडीच्या हाडांसारखे चोखतो, नाडी काट्याला गुंडाळून शेवयांसारखी खातो. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केलेला होता. लहानपणी मी खिळ्यांना हसलो होतो. या वेळी समोर बसलेल्या जिमकडे, झोपडीतल्या त्याच्या सोबत्याकडे, बघत राहिलो, त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. एकदा तरी चार्लीवरून नजर काढून बाजूच्या माणसांकडे बघाच.

पावांचा नाच तर सगळ्यांनाच आठवतो. तो स्वप्नात आहे, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. वर्षाच्या शेवटच्या रात्री चार्ली टेबल मांडून पाहुण्यांची वाट बघतो, कुणी येत नाही आणि तो बसल्या बसल्या झोपी जातो. त्या दिवाळीत दादाकडे फराळाला कुणी आलं नव्हतं, मुलं दोन्ही परदेशी. अशा वेळी शेजारच्याला काही विचारू नका, सिनेमा चालू राहू द्या.

नाच संपला तसा दादानं माझ्या हातातला रिमोट घेतला आणि सिनेमा मागे नेला. नाचाच्याही आधी, चार्ली टेबल मांडतो तिथपर्यंत.