रात्रीच्या कबड्डीचे फुटलेले, हललेले फोटो कसे वाचवायचे

प्रकाशझोतातला कबड्डीचा सामना, मैदानाच्या चार कोपऱ्यांत खांबांवर हॅलोजन किंवा एलईडी. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० ते १२८००, लेन्स एफ/२.८ वर उघडी, तरीही शटर १/३२० सेकंदापेक्षा वेगवान होत नाही. घरी येऊन फोटो उघडले की तीच तक्रार: मॅटवर रंगीबेरंगी दाणे, चढाईपटूचा चेहरा मऊ, हात हललेला. असे बरेच फोटो वाचतात, मात्र कामाचा क्रम सांभाळावा लागतो. बहुतेक जण आधी शार्पनिंगची (कडा धारदार करण्याची) पट्टी ओढतात आणि दाणेच शार्प करून ठेवतात.

आधी निदान

फोटो १०० टक्के मोठा करा आणि खेळाडूचे डोळे पाहा. डोळे मऊ असतील तर बाकी काय शार्प आहे ते शोधा.

मॅटचा पोत किंवा मागचे प्रेक्षक स्पष्ट आणि खेळाडू धूसर असेल, तर फोकस चुकला आहे. खेळाडूचे शरीर एका दिशेने फराटल्यासारखे दिसते पण मॅटवरची निदान रेषा धारदार आहे, म्हणजे शटर कमी पडले. दिव्यांचे ठिपकेसुद्धा सगळे एकाच दिशेने लांबले असतील, तर कॅमेरा हलला. फराटा ४-५ पिक्सेलचा असेल तर आशा आहे. १५ पिक्सेलचा असेल तर त्या फोटोवर वेळ घालवू नका, त्याच चढाईतली पुढची-मागची फ्रेम बघा.

चौथा प्रकार फार जणांच्या लक्षात येत नाही. फोकस बरोबर असतो, शटरही पुरेसे असते, पण जेपेग तयार करताना कॅमेऱ्याने स्वतःच नॉइज (म्हणजे हे दाणे) पुसलेला असतो. त्यात चेहऱ्याची त्वचा मेणासारखी होते, केस चिकटून एकच पट्टा होतो. रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर ती उघडा. मऊपणा तिथे नसतोच, तो फक्त जेपेगमध्ये असतो.

उजेड आणि रंग

नॉइज येतो तो सेन्सरवर कमी प्रकाश पडल्यामुळे. आयएसओ ३२०० वर काढून नंतर एक स्टॉप (म्हणजे दुपटीने) उजळलेला फोटो आणि त्याच शटर-ॲपर्चरवर थेट ६४०० वर काढलेला फोटो यांत फारसा फरक नसतो. म्हणून सावल्या उचलताना हात आखडता घ्या. (इथले आणि पुढचे आकडे, वेगळे सांगितले नसेल तिथे, लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या पट्ट्यांचे आहेत.) शॅडोज +२० च्या पुढे गेले की प्रेक्षकांच्या अंधारातून जांभळे-हिरवे डाग वर येतात. मागचा अंधार अंधारच राहू द्या. ब्लॅक्स –१० ते –२० केल्यावर निम्मे दाणे काळ्यातच विरतात, आणि तिथे पाहण्यासारखे तसेही काही नसते.

काही एलईडी दिवे आणि जुने मेटल हॅलाइड दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. १/३२० वर सलग काढलेल्या फ्रेमपैकी एक पिवळट, दुसरी काळपट, तर तिसरीचा खालचा भाग गडद येतो तो यामुळेच. अशा मालिकेतली सर्वांत उजळ फ्रेम निवडा. अर्धी गडद फ्रेमच हवी असेल तर त्या भागावर लिनिअर ग्रेडियंट ओढून एक्स्पोजर +०.३ ते +०.७ द्या आणि रंगाचे तापमान (टेम्परेचरची पट्टी) तिथेच वेगळे जुळवा. अख्ख्या फोटोचा व्हाइट बॅलन्स फिरवल्याने हा दोष जात नाही.

नॉइज काढणे

लाइटरूममधले एआय डीनॉइज रॉ फाइलवर चालवा, तेही मास्क आणि ब्रश वापरण्याआधी. पट्टी मुळात ५० वर असते. माणसांच्या चेहऱ्यांसाठी ३० ते ४५ पुरे. ७० च्या पुढे घाम, दाढीचे खुंट, गुडघ्यावरची माती सगळे पुसले जाते. कबड्डीच्या फोटोतून तेच गेले तर मग राहिले काय?

हाताने करायचे असेल तर आधी रंगाचा नॉइज: कलर २५ वरून ३५-४५ वर न्या. त्यानंतर लुमिनन्स (काळ्या-पांढऱ्या दाण्यांची पट्टी) २५ ते ४०, डिटेल ५०. कलर फार वाढवला तर लाल जर्सीचा रंग दंडाच्या त्वचेवर ओघळल्यासारखा पसरतो, म्हणून जर्सीची कड बघत पट्टी ओढा. थोडे काळे-पांढरे दाणे राहिले तरी चालतात, डोळ्यांना खुपतात ते रंगीत.

पैसे न मोजता काम करायचे तर डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यातले डीनॉइज प्रोफाइल्ड हे मॉड्यूल कॅमेरा आणि आयएसओ ओळखून मोजमाप स्वतः लावते. त्याची तीव्रता जराशी उतरवली की निकाल नैसर्गिक दिसतो.

फक्त जेपेगच हाताशी असेल तर अपेक्षा कमी ठेवा. जेपेगची रचना ८×८ पिक्सेलच्या चौकोनांची असते. जोरात शार्प केले की ते चौकोन फरशीसारखे उघडे पडतात.

शार्पनिंग

अमाउंट ५० ते ७०. फोकस ठीक असेल तर रेडियस (कडेभोवती किती रुंदीवर परिणाम होतो) ०.८, थोडा चुकला असेल तर १.३ ते १.६. डिटेल २५ च्या खालीच ठेवा, वर नेले की उरलेले दाणे टोकदार होतात. खरी किल्ली मास्किंगमध्ये आहे. ऑल्ट दाबून धरून पट्टी ओढली की चित्र काळे-पांढरे दिसते. पांढऱ्या भागावर शार्पनिंग लागते, काळा भाग वाचतो. चेहऱ्याची कड, बोटे, जर्सीवरचा आकडा पांढरे आणि मॅट, गाल, आकाश काळे होईपर्यंत ओढा. हे साधारण ६० ते ८० च्या दरम्यान जमते. काळ्या केसांभोवती पांढरी किनार दिसू लागली तर अमाउंटला हात लावू नका, रेडियस कमी करा.

त्यानंतर ब्रश. चढाईपटूचे डोळे, पकड करणाऱ्याची बोटे आणि घोटा, एवढ्यावरच शार्पनेस +२५, टेक्श्चर +१५. प्रेक्षकांवर शार्पनेस –४०. डोळा नेहमी तुलना करतो. मागची पाटी चेहऱ्यापेक्षा धारदार असेल तर चेहरा आहे त्याहून मऊ वाटतो. मात्र –५० च्या खाली गेले की पार्श्वभूमी खरोखर धूसर होऊ लागते. बातमीसाठीच्या फोटोत तिथवर जाऊ नये.

हललेल्या फोटोसाठी फोटोशॉपमध्ये स्मार्ट शार्पन उघडा आणि रिमूव्हमध्ये मोशन ब्लर निवडा. कोन अंदाजाने टाकू नका. जर्सीवरच्या एखाद्या ठिपक्याचा किंवा कपाळावरच्या चकाकीचा फराटा रूलरने मोजा आणि तोच कोन द्या. हे वेगळ्या लेयरवर करा आणि मास्कने फक्त चेहऱ्यावर राखा. उडी मारून निसटणाऱ्या खेळाडूचा पाय एका दिशेने जात असतो, हात दुसऱ्या, आणि एका वेळी एकच दिशा सुधारता येते. हलता हात तसाच सोडा. त्यातून वेग दिसतो, आणि चेहरा स्पष्ट असला की तो दोष वाटत नाही.

चेहरा ‘पुन्हा घडवणारी’ एआय साधने इथे वापरू नका. ती नसलेले दात आणि पापण्या रंगवतात, जर्सीवरच्या धूसर ३ चा ८ करून ठेवतात. तो मग त्या खेळाडूचा फोटो राहत नाही.

आकार

फोटो कुठे जाणार हे ठरले की अर्धी चिंता मिटते. २४ मेगापिक्सेलचा ६००० पिक्सेल रुंद फोटो २००० वर आणला की मूळचे ९ पिक्सेल मिळून एक होतो आणि दाण्यांचा खडबडीतपणा साधारण एक तृतीयांशावर येतो. थोडा चुकलेला फोकसही त्यात झाकला जातो. ६×४ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने १८०० × १२०० पिक्सेलच लागतात. उलट खेळाडू फ्रेमच्या कोपऱ्यात छोटासा असेल आणि तेवढाच कापून घेतला, तर हा फायदा मिळत नाही. तो फोटो रुंदच ठेवा. सात जणांची साखळी चढाईपटूभोवती आवळत येताना दिसते ती रुंद फ्रेममध्येच.

आकार कमी केल्यावर शेवटचे हलके शार्पनिंग द्या: फोटोशॉपचे अनशार्प मास्क, अमाउंट ६० ते ८०, रेडियस ०.४. त्वचा अजून प्लास्टिकसारखी वाटत असेल तर ग्रेन १०-१५ घाला. एकसारखे बारीक दाणे डोळा सहज स्वीकारतो. तरीही रंगांचे डाग जात नसतील तर कृष्णधवल करून बघा, रंगीत नॉइजचा प्रश्नच संपतो.

जतन करताना रंगांसाठी एसआरजीबी (बहुतेक पडद्यांना चालणारी रंगव्यवस्था), जेपेग क्वालिटी ८५. खेळाडूंना किंवा मंडळाला व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो पुन्हा दाबला जातो आणि जपलेला पोत जातो. पाठवण्याआधी एकदा मोबाइलच्या पडद्यावर, बोटांनी मोठा न करता बघा. समोरचा माणूस तो तसाच बघणार आहे.