आयसीई सिंड्रोम आणि काचबिंदू: तपासणीला जाण्याआधी

आयसीई म्हणजे इरिडोकॉर्नियल एंडोथेलियल सिंड्रोम. हा आजार बहुतेकदा एकाच डोळ्यात आणि जास्त करून तरुण, मध्यमवयीन बायकांमध्ये दिसतो. कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या, आतल्या थरातल्या पेशी बिघडतात, त्यांचा पातळ पडदा बुबुळावर आणि डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं त्या कोनावर पसरतो. निचरा तुंबला की दाब चढतो. निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त रुग्णांना काचबिंदू होतो. डॉक्टरांना तुमचा डोळा काही मिनिटंच दिसणार, म्हणून आजार कसा सरकत आलाय ते तुम्हीच सोबत न्यायचं.

आठवडाभर आधीपासून वही ठेवा. उठल्या उठल्या चांगला डोळा झाकून समोरच्या इमारतीवरचं नाव वाचून बघा, ट्यूबलाइटभोवती रंगीत कडं दिसतं का बघा, आणि वेळ लिहा. रात्री पापण्या मिटलेल्या असतात, पाणी उडून जात नाही, कॉर्निया सुजतो; म्हणून सकाळी धुकं आणि दुपारी स्वच्छ. दुपारची वेळ मिळाली तर हे धुकं डॉक्टरांना दिसणारच नाही. शिवाय सुजलेल्या कॉर्नियावर मोजलेला दाब खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, तेव्हा पूर्वीचं प्रेशर कुठल्या वेळी मोजलं तेही लिहून न्या.

जुने फोटो काढा. साखरपुड्याचा अल्बम, पासपोर्ट, काहीही चालेल, डोळे नीट दिसले पाहिजेत. बाहुली पूर्वी गोल होती आणि आता एका बाजूला ओढली गेली आहे, हे दोन फोटो शेजारी ठेवले की कुणालाही कळतं.

फाइलमध्ये फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका), ओसीटी (डोळ्याच्या नसेचा स्कॅन), गोनिओस्कोपीची (निचऱ्याच्या कोनाची तपासणी) नोंद आणि स्पेक्युलर मायक्रोस्कोपीचा (कॉर्नियाच्या आतल्या पेशींचा फोटो) रिपोर्ट तारखेनुसार लावा. ड्रॉप्सच्या बाटल्याच न्या, नावं सांगत बसू नका. तपासणी आहे म्हणून आपल्या मनाने थेंब बंद करू नका.

दमा असेल तर न विचारता सांगा, टिमोलॉल हे दाब कमी करणारे थेंब त्रास देऊ शकतात. सल्फाची ॲलर्जी, डोळ्याला पूर्वी झालेली नागीण, दिवस गेले असतील किंवा मुलाचा विचार असेल, हेही सांगाच. इतक्या तरुण वयात हा आजार होतो, तरी हा शेवटचा प्रश्न बरेचदा राहून जातो.

बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास जवळचं वाचता येत नाही, ऊन सहन होत नाही. स्कूटर घरीच ठेवा. हडपसरहून शिवाजीनगरला यायचं असलं तरी रिक्षा किंवा बस, आणि सोबत कुणीतरी.

ऑपरेशनचा विषय निघाला तर स्पष्ट विचारा: लेझरचा या प्रकारात सहसा उपयोग होत नाही, मग ट्रॅबेक्युलेक्टॉमी (पाणी निचरायला नवी वाट कापणं) की ट्यूब (त्यासाठी बारीक नळी बसवणं)? तो पडदा नव्या वाटेवरही चढला तर पुढे काय? कॉर्नियाचं प्रत्यारोपण लागलंच तर आधी काय करायचं? उत्तरं सोबत आलेल्या माणसाला लिहून घ्यायला सांगा.