दोन देश, एक नोंदवही

दोन देशांतल्या गटांनी मिळून एखाद्या प्रदेशातल्या जुन्या वास्तू नोंदवायचं ठरवलं की सगळ्यांना घाई असते ती फोटो काढायची. माझं ऐका, कॅमेरा जरा पिशवीतच राहू द्या. आधी प्रत्येक वास्तूला एक कोरा क्रमांक द्या. त्यात देशाचं नाव नको आणि गावाचंही नको, कारण दोन्ही बदलतात. आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव शहराचीच कागदपत्रं काढली तर कुठे लेंबर्ग सापडतं, कुठे ल्वुफ, कुठे ल्वोव. मी नावांचा वेगळा तक्ता ठेवते: नाव, लिपी, कोणत्या कागदात आणि कोणत्या सालच्या. बैठकीत ‘खरं नाव कोणतं’ हा विषय निघाला की सरळ पुढच्या विषयाकडे वळते.

तारीख जशी कोरलेली असेल तशी उतरवून घ्या, आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे बदललेली शेजारच्या रकान्यात लिहा. जुनी ज्युलियन दिनदर्शिका १९ व्या शतकात आजच्या ग्रेगरियनच्या १२ दिवस मागे होती, २० व्या शतकात १३.

मोजमापात उंची कुठल्या समुद्रपातळीपासून धरली हे लिहायला विसरू नका. लाउफेनबुर्गजवळ ऱ्हाईनवर पूल बांधताना जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या पातळ्यांत २७ सेंटिमीटरचा फरक आहे हे माहीत होतं. दुरुस्ती उलट्या दिशेने झाली आणि २००३ मध्ये तफावत ५४ सेंटिमीटर निघाली!

आता मुख्य काम. कार्पेथियन डोंगरातली लाकडी चर्च घ्या. २०१३ मध्ये त्यांपैकी १६ जागतिक वारसा यादीत आली, ८ पोलंडमधली आणि ८ युक्रेनमधली. १९४७ मध्ये पोलंडने आपल्या आग्नेय भागातल्या लेम्को (तिथल्या डोंगरातला एक समाज) आणि युक्रेनियन लोकांना सक्तीने हलवलं आणि त्या भागातली कितीतरी चर्च ओस पडली. त्यामुळे वास्तू एकीकडे, तिच्यातली चित्रं भलत्याच संग्रहालयात, कधी सीमेपलीकडेही, असं होतं. म्हणून वास्तू आणि चित्र यांची नोंद कधीच एकत्र करू नका. दोघांना स्वतंत्र क्रमांक द्या आणि मध्ये दुवा ठेवा: कुठून, केव्हा, कशाच्या आधारे.

दुवा जुळवायचा तर चित्राची मागची बाजू बघा. पुढची बाजू सगळेच टिपतात. चित्राची लाकडी फळी उलटी करून (अर्थात संग्रहालयाच्या माणसाच्या हातून) बाजूने तिरका प्रकाश टाका: जुने शिक्के, खडूचे आकडे, खुंट्यांची भोकं उठून दिसतात. भोकांमधली अंतरं मोजून पलीकडच्या गटाला पाठवा. त्यांच्याकडे चर्चमधली रिकामी चौकट असेल, तर जुळणी अंदाजावर राहत नाही. फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी हवीच. दोन्ही गटांनी एकाच बनावटीची वापरली तर उत्तम.

हक्कांचा करार सुरुवातीलाच लेखी करा. रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो जर्मनीत मोकळेपणाने छापता येतो. फ्रान्समध्ये वास्तुकाराचा हक्क शिल्लक असेल तर व्यावसायिक वापराला परवानगी लागते. दोन कायद्यांतला जो कडक असेल तो सगळ्या संग्रहाला लावायचा मोह होईल. तसं करू नका, प्रत्येक फोटोवर वेगळी अट नोंदवा.

सगळा संग्रह दोन्हीकडे पूर्ण ठेवा, अर्धा-अर्धा नाही. जाहीर प्रतीत मात्र हलवता येण्याजोग्या मूर्ती-चित्रांची नेमकी जागा देऊ नका. एकाकी चर्चच्या दाराला बहुधा एकच कुलूप असतं, आणि याद्या चोरही वाचतात.