आवडत्या मैफलीची रेकॉर्ड इतरांना कशी ऐकवावी

आवडती रेकॉर्ड चार जणांना ऐकवायची असेल, तर संपूर्ण अल्बमचा हट्ट सोडून आधी एकच बाजू निवडावी. १२ इंची एलपीच्या (लाँग प्ले तबकडीच्या) एका बाजूवर साधारणपणे २० ते २२ मिनिटांचे संगीत मावते, आणि गप्पा थांबवून मन लावून ऐकायला तेवढा वेळ पुरेसा असतो. प्रत्येकाने एक बाजू आणायची असे ठरवले, तर पाच-सहा जणांची आवड एका बैठकीत सहज ऐकून होते.

थेट मैफलीचे ध्वनिमुद्रण असेल, तर बाजू कोठे संपते हे आधी घरी ऐकून ठेवावे, कारण रंगात आलेले वादन टाळ्यांसह विरत जाऊन उलट्या बाजूवर पुन्हा सुरू होणे, हा प्रकार अशा रेकॉर्डवर नेहमीचाच आहे. दोन तबकड्यांच्या जुन्या संचात आणखी एक खोच असते. काही संचांत एका तबकडीवर पहिली व चौथी, तर दुसरीवर दुसरी व तिसरी बाजू छापलेली असते. आपोआप रेकॉर्ड बदलणाऱ्या यंत्रावर पहिल्या दोन बाजू ओळीने वाजाव्यात आणि मग गठ्ठा एकदाच उलटावा लागावा, म्हणून ही रचना केली जात असे. लेबल न वाचता तबकडी उलटून मी एकदा श्रोत्यांना मध्यंतराऐवजी थेट निरोपाच्या टाळ्यांपर्यंत पोहोचवले होते.

रेकॉर्ड आदल्या दिवशीच पुसून ठेवावी. ती कडेने आणि मधल्या लेबलला धरूनच हाताळावी, तबकडी फिरत असताना कार्बन फायबरचा ब्रश हलकेच टेकवावा आणि सुई मागून पुढे अशा एकाच दिशेने साफ करावी. सुईचा तबकडीवर पडणारा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) माहितीपत्रकाप्रमाणे ठेवावा. तो बहुधा दीड ते दोन ग्रॅम असतो. वेगही तपासावा, कारण १२ इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी ४५ फेऱ्यांची असू शकते.

तबकडीच्या आतल्या भागात सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग कडेच्या वेगाच्या निम्म्याहूनही कमी होतो, त्यामुळे बाजूच्या शेवटच्या रचनेत गायकाचा ‘स’ किंचित फाटल्यासारखा वाटतो. बारकावे ऐकवायचे असतील, तर ते कडेजवळच्या रचनेत असलेली बाजू घ्यावी.

सुई टेकल्यावर खरखरीमागून सभागृहातली कुजबुज, एखादा खोकला, वाद्य जुळवल्याचा आवाज स्पष्ट येईल इतपत आवाज वाढवावा. सुरुवातीला मैफल केव्हाची, कोठली आणि साथीला कोण, एवढेच सांगावे. ‘आता ऐका हं, आता येईल ती जागा’ असे मध्येच म्हणणे मला तरी रसभंग वाटतो; ज्याला जागा सापडायची त्याला ती सापडते. वाजून झाल्यावर पहिले मत पाहुण्यांना मांडू द्यावे.

कोणी रेकॉर्ड उसनी मागितली, तर ती आतल्या पाकिटाचे तोंड वरच्या बाजूला करून कव्हरात घालून द्यावी, म्हणजे ती घसरून पडत नाही, आणि उन्हात किंवा आडव्या गठ्ठ्यात ठेवू नये असे न संकोचता सांगावे.