चित्रकलेच्या तासाला तर्ककोडी: वर्गात कशी घ्यावीत

फळ्यावर एक झोपडी, दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढून दिला की चाळीस वह्यांत चाळीस सारख्याच झोपड्या येतात. मुलांचा हात चालतो, पण त्यांना ठरवावं काहीच लागत नाही. रंग कोणता, वस्तू कुठे, रेघ कुठून सुरू करायची, सगळं सरांनी आधीच ठरवलेलं असतं. तर्ककोडं दिलं की हे ठरवणं मुलांकडे जातं. कोडं सुटल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही आणि चित्राची भाषा कळल्याशिवाय कोडं सुटत नाही.

कोडं निवडताना एक कसोटी लावा: सूचनेतच चित्रकलेचं ज्ञान हवं. ‘लाल घर हिरव्याच्या डावीकडे आहे’ ही सूचना गणिताच्या तासालाही चालेल. ‘लाल घराचा शेजारी लालच्या विरोधी रंगाचा आहे’ ही सूचना मात्र रंगचक्र, म्हणजे विरोधी रंग समोरासमोर येतील असे वर्तुळात मांडलेले रंग, समजल्याशिवाय वापरता येत नाही. ही कसोटी सोडली तर चित्रकलेचा तास बुद्धिमत्ता चाचणीच्या सरावाचा होतो आणि रंगाचे खडू दप्तरातच राहतात.

पुढचे उपक्रम पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी आहेत. चौकटीची वही, पट्टी, खडू आणि पोस्टकार्डाएवढे कापलेले कागद एवढ्यावर सगळं भागतं. जळगाव-भुसावळकडे मार्चनंतर जलरंग ब्रशवरच वाळायला लागतात, त्यामुळे हे उपक्रम उन्हाळ्याच्या तोंडावर घेतले तरी अडत नाही.

१. गुलाबाईच्या खाऊपासून सुरुवात करा

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत खानदेशात गुलाबाई बसते. गाणी झाली की झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. गोड की तिखट, कोरडा की ओला, तळलेला की भाजलेला असं विचारत मुली उत्तराच्या जवळ जातात. प्रश्न विचारून शक्यता कमी करत जाणं हेच तर्ककोड्याचं मूळ आहे. मुलांना ते घरूनच येतं, म्हणून पहिला तास इथूनच घ्या.

सोळा कागदांवर सोळा नक्ष्या काढून घ्या. प्रत्येक नक्षीत चार गोष्टी ठरवायच्या: रंग उष्ण (लाल-पिवळ्यासारखे) की शीत (निळ्या-हिरव्यासारखे), रेषा सरळ की वक्र, रचना सममित (दोन्ही बाजू सारख्या) की असममित, आकार भरीव की पोकळ. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे बरोबर सोळा प्रकार होतात. सगळे कागद फळ्याखाली मांडा आणि त्यातला एक मनात धरा. वर्गाने फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारायचे.

सुरुवातीला मुलं ‘तो कोपऱ्यातला का?’ असं विचारतात. उत्तर ‘नाही’ आलं तर एकच कागद बाद होतो. मग कुणीतरी ‘रंग उष्ण आहेत का?’ असं विचारतं आणि एका फटक्यात आठ कागद उलटे होतात. दुसऱ्या प्रश्नाला चार उरतात, तिसऱ्याला दोन, चौथ्याला एक. चार प्रश्नांत सोळातला एक सापडतो हे वर्गाने डोळ्यांनी पाहावं, तुम्ही आधी सांगू नका. शिवाय ‘सममित’, ‘वक्र’, ‘शीत’ हे शब्द पाठांतराशिवाय तोंडात बसतात, कारण त्यांच्याशिवाय प्रश्नच विचारता येत नाही.

२. सूचनांवरून चित्र: चार घरांची गल्ली

या उपक्रमाला दोन तासिका द्या, एक सोडवायला आणि एक रंगवायला. फळ्यावर एवढंच लिहा:

एका गल्लीत ओळीने चार घरं आहेत: लाल, पिवळं, निळं आणि हिरवं. चार ओट्यांवर चार वस्तू आहेत: माठ, सायकल, केळीचा घड आणि बैलगाडीचं चाक.

- लाल घराला शेजारी एकच आहे आणि तो लालच्या विरोधी रंगाचा आहे.
- पिवळं घर हिरव्याला लागून आहे.
- डावीकडून पहिलं घर शीत रंगाचं आहे आणि त्याच्या ओट्यावर माठ आहे.
- केळीचा घड ज्या ओट्यावर आहे, त्या घराच्या दोन्ही बाजूंना शीत रंगाची घरं आहेत.
- सायकल दुय्यम रंगाच्या घरापुढे आहे.

सोडवताना वहीत चार बाय चारची चौकट आखायला लावा. आडवे रंग, उभे घरांचे क्रमांक. जमत नाही तिथे फुली, नक्की झालं तिथे गोल. पहिल्या सूचनेतून कळतं की लाल घर टोकाला आहे आणि त्याला लागून हिरवं. दुसरीतून पुढे पिवळं, मग निळं. म्हणजे रांग लाल-हिरवं-पिवळं-निळं अशी तरी आहे, नाहीतर बरोबर उलटी. इथे वर्गातून आवाज येतोच: “सर, हे तर दोन्हीकडून जमतंय!” तेव्हा तिसरी सूचना पुन्हा मोठ्याने वाचून घ्या. पहिलं घर शीत रंगाचं असेल तर ते लाल असू शकत नाही. रांग ठरली: निळं, पिवळं, हिरवं, लाल. माठ निळ्यापुढे. निळं आणि हिरवं या दोन शीत घरांच्या मधे पिवळं आहे, म्हणून केळी तिथे. हिरवा रंग पिवळा आणि निळा मिसळून होतो, म्हणजे तो दुय्यम रंग, म्हणून सायकल त्याच्यापुढे. चाक उरलं लाल घराला.

आता खरं चित्र सुरू होतं. उत्तर सगळ्यांचं एक आहे, पण चित्र एकसारखं येणार नाही, कारण घर धाब्याचं की कौलारू, सायकल उभी की भिंतीला टेकवलेली, सकाळ की संध्याकाळ हे कुठेच सांगितलेलं नाही. ही मोकळीक मुद्दाम ठेवा. सूचना जागा ठरवतात, हात बाकीचं ठरवतो. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना याचा थेट उपयोग आहे. स्मरणचित्रात, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रात, ‘काय कुठे मांडू’ यावर मुलं अडतात आणि इथे तोच सराव होतो.

सूचना वाचून दाखवण्याचं काम मुलांवर सोपवा आणि त्यांच्या बोलीत सांगू द्या. साक्री-शिंदखेड्याकडे अहिराणीत, रावेर-यावलकडे लेवा बोलीत, नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली-पावरीत. सूचना आपल्या बोलीत फिरवून सांगता आली म्हणजे ती समजली, हे तपासायला वेगळी चाचणी लागत नाही.

३. अजिंठ्याच्या छतासारखी चौकट

जळगाव, जामनेर, पाचोऱ्याकडच्या बहुतेक शाळांची एक तरी सहल अजिंठ्याला गेलेली असते. लेणं क्रमांक १ आणि २ मध्ये छताकडे पाहायला सांगा, किंवा छायाचित्र दाखवा. छत चौकटींत विभागलेलं आहे आणि त्या चौकटींत फुलं, फळं, पक्षी, प्राणी भरले आहेत.

वहीत चार बाय चारचा मोठा चौरस आखा. कमळ, हंस, आंबा, हत्ती असे चार आकार घ्या. नियम असा: प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या ओळीत प्रत्येक आकार एकदाच यावा. सुडोकू सोडवणाऱ्यांना हा नियम ओळखीचा वाटेल. अशा मांडण्या एकूण ५७६ होतात, त्यामुळे शेजाऱ्याची वही बघून फारसा फायदा नाही. चौरस भरला की तिरक्या रेषांवर काय दिसतं ते विचारा. काहींच्या वहीत तिरक्या ओळीत हंसच हंस येतात आणि सगळी नक्षी एका बाजूला धावते, काहींची शांत आणि समतोल दिसते. संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीच्या चित्रात, लय कशाला म्हणतात हे इथे वेगळं समजवावं लागत नाही. हुशार गटाला पुढचं काम द्या: आकारांप्रमाणेच पार्श्वभूमीचे चार रंगही त्याच नियमाने भरा, पण एकच आकार-रंगाची जोडी दोनदा यायला नको. हे जमतं, पण घाम काढतं.

४. पाटणचं चोवीस

हा उपक्रम मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तो आपल्याच मातीतला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे. आज आपण पाटणादेवीला जातो ते हेच ठिकाण. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त एक प्रश्न आहे: शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं आलटूनपालटून धरली तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? आणि विष्णूच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख अशाच बदलल्या तर? शंकराच्या ३६,२८,८०० आणि विष्णूच्या २४. मूर्तिशास्त्रातही विष्णूच्या केशव, नारायण, माधव अशा चोवीस मूर्ती सांगितल्या आहेत आणि त्या ओळखायच्या त्या चार हातांतल्या आयुधांच्या क्रमावरूनच.

वर्गात हे असं घ्या. चार हातांची साधी बाह्याकृती छापून किंवा छापा करून प्रत्येकाला द्या. चोवीस मुलांनी चोवीस वेगळ्या मूर्ती पूर्ण करायच्या, एकही दुसऱ्यासारखी नको. उरलेली मुलं तपासनीस. पहिल्या पाच मिनिटांत दोघांच्या मूर्ती सारख्या निघतात आणि वाद होतो. तो होऊ द्या. ‘आधी वरच्या उजव्या हातात शंख असलेल्या सगळ्या काढू’ अशी टूम मुलंच काढतात. शंख तिथे ठेवून उरलेल्या तिघांच्या सहा मांडण्या, मग चक्र तिथे ठेवून सहा, असे चार वेळा सहा. शेवटी चोवीस कागद भिंतीवर क्रमाने लावा.

मूर्ती काढायची नसेल तर रुमालाच्या चार कोपऱ्यांत चार वेगळ्या नक्ष्या काढायला सांगा. इथे एक सुंदर अडचण आहे. रुमाल फिरवता येतो. फिरवल्यावर सारखे दिसणारे रुमाल एकच मानले तर चोवीसचे सहाच उरतात. हे मुलांना स्वतः रुमाल फिरवून सापडू द्या.

५. हात न उचलता

एका चौरसात दोन्ही कर्ण आणि वर त्रिकोणी छप्पर, हे घर पेन्सिल न उचलता आणि एकही रेघ दोनदा न गिरवता काढायचं. मुलांना हे कुठून तरी माहीत असतं, पण कुठून सुरू करावं ते चुकतमाकतच सापडतं. प्रत्येक बिंदूतून किती रेघा निघतात ते मोजायला सांगा. खालच्या दोन कोपऱ्यांतून तीन-तीन, बाकी सगळीकडून सम संख्येत. विषम बिंदू दोनच असतील तर एकापासून सुरू करून दुसऱ्यावर संपवायचं. छप्पर खोडलं तर चारही कोपरे विषम होतात आणि ते चित्र कधीच एका रेघेत येत नाही. गणितज्ञ ऑयलरने १७३६ मध्ये शहरातले सगळे पूल एकेकदाच ओलांडता येतील का, या कोड्यावर हाच विचार मांडला. यानंतर ठिपक्यांची रांगोळी घ्या आणि कोणती रांगोळी एका रेघेत येईल ते मोजून आधी सांगायला लावा, मगच काढायला.

६. तालुक्यांचा नकाशा

लागून असलेल्या दोन तालुक्यांना एकच रंग यायला नको आणि रंग कमीत कमी वापरायचे. धुळे जिल्ह्यात तालुके चारच आहेत, तिथून सुरुवात करा. मग नंदुरबारचे सहा, मग जळगावचे पंधरा. कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात का, हा प्रश्न इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना १८५२ मध्ये फ्रान्सिस गुथ्रीला पडला आणि संगणकाच्या मदतीने त्याचं उत्तर १९७६ मध्ये मिळालं. चित्रकलेच्या बाजूने एक अट वाढवा: चारही रंग एकाच निळ्याच्या किंवा एकाच तपकिरीच्या छटा हव्यात. शेजारचे तालुके लांबून वेगळे दिसले पाहिजेत. छटांमधलं अंतर किती ठेवायचं याचा अंदाज हात बसवल्याशिवाय येत नाही.

अंकांवरून चौकटी भरून चित्र उमटवायची जपानी कोडी चौकटीच्या वहीत छान होतात, मुलांना आवडतातही. पण शेवटी सगळ्यांचं चित्र ठिपक्याठिपक्यांसह एकच येतं. मोकळ्या तासाला द्यायला हरकत नाही, चित्रकलेचा तास त्यावर घालवू नये असं माझं मत आहे.

७. मुलांनी कोडं बनवावं

दोन-तीन उपक्रम झाल्यावर उलटं काम द्या. आधी चित्र काढायचं, म्हणजे बाजारातली चार दुकानं, पोळ्याला सजवलेले चार बैल, जे सुचेल ते. मग त्या चित्राच्या पाच सूचना लिहायच्या आणि चित्र लपवून वही शेजारच्या बाकावर द्यायची. निदान तीन सूचनांत रंग, रेषा किंवा रचनेचा शब्द हवा. शेजाऱ्याने काढलेलं चित्र आणि मूळ चित्र एकमेकांशेजारी ठेवा. मांडणी जुळली नाही तर दोघांनी मिळून शोधायचं: सोडवताना चूक झाली, की सूचनांत दोन उत्तरांना जागा राहिली? दुसरं असेल तर बनवणाऱ्याने एक सूचना वाढवायची. उलट एखादी सूचना झाकूनही उत्तर येत असेल तर ती खोडायची.

गुण देताना उत्तर बरोबर आलं का याला कमी आणि चौकटीतल्या फुल्या-गोलांवरून विचार दिसतो का, चित्रात स्वतःचं काय घातलं, याला जास्त वजन द्या. एखाद्याचं कोडं चुकलं पण गल्ली जिवंत उतरली, तर ते चित्र भिंतीवर लावा आणि कोडं पुढच्या तासाला त्याच्याकडूनच फळ्यावर सोडवून घ्या.