घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी पुन्हा तपासा : यंदाच्या उन्हाळ्यात एप्रिलची उगवण चाचणी जुनी झाली आहे

एप्रिलमध्ये घेतलेल्या उगवण चाचणीवर विसंबून यंदा, २०२५ च्या खरिपात, कोणीही सोयाबीन पेरू नये, ही या सल्ल्यातील पहिली आणि सर्वांत कळकळीची विनंती आहे. घरच्या बियाण्याची चाचणी एकदा झाली, शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी दाणे उगवले, म्हणून पोती शिवून थप्पीला लावली आणि आता तीच थेट तिफणीवर, म्हणजे पेरणीच्या अवजारावर, न्यायची, असा अनेकांचा बेत आहे. एरवीच्या वर्षी तो कदाचित निभावला असता. यंदा मात्र चाचणी आणि पेरणी यांच्यामध्ये जो उन्हाळा गेला, तो बियाण्याच्या दृष्टीने अत्यंत वाईट होता.

२०२५ चा हा उन्हाळा राज्यात सर्वत्र सारखा नव्हता. एप्रिलच्या आरंभी अनेक जिल्ह्यांत वादळी पाऊस आणि गारपीट झाली. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात विदर्भ भाजून निघाला आणि चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला. मराठवाड्यातही पत्र्याच्या गोदामात दुपारी पाय ठेवणे कठीण होते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून चित्र उलटले आणि ढगाळ हवा व अवकाळी पाऊस यांनी जवळजवळ पूर्ण महिना व्यापला. देशभराचा विचार करता १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये इतका ओला मे महिना झालेला नाही. त्यातच मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईत तो साधारण ११ जूनला येतो. पुढे २९ मेच्या सुमारास मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद या रेषेवर तो थबकला आणि आज, ५ जून २०२५ रोजी, तेथेच आहे. मराठवाड्याच्या उत्तर भागात आणि विदर्भाच्या बहुतांश भागात आता पुन्हा ऊन तापू लागले आहे.

नुकसानही त्या-त्या भागानुसार वेगळे झाले. नाशिक, अहिल्यानगर आणि सोलापूर पट्ट्यात काढून शेतात पसरलेला उन्हाळ कांदा भिजला. असा कांदा साठवणुकीच्या चाळीत भरण्याचा मोह टाळावा आणि निवडून लवकर विकावा, कारण चाळीत तो शेजारच्या चांगल्या कांद्यालाही सडवतो. कोकणात आंबा-काजूचा हंगाम शेवटच्या टप्प्यात आटोपता घ्यावा लागला आणि भाताच्या धूळवाफ पेरणीला जमीन कोरडी मिळाली नाही. द्राक्षपट्ट्यात खरड छाटणीनंतर, म्हणजे एप्रिलच्या छाटणीनंतर, साधारण ४० ते ७० दिवसांच्या काळात, म्हणजे काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होत असतानाच, वेलींना पुरेसा सूर्यप्रकाश मिळाला नाही. तेथील बागायतदारांनी ऑक्टोबर छाटणीवर खर्च करण्यापूर्वी प्रयोगशाळेतून डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. या पिकांचे नुकसान डोळ्यांना दिसले आणि त्याचे पंचनामे झाले किंवा होतील. सोयाबीनच्या पोत्यात झालेले नुकसान मात्र पेरणीनंतर आठव्या दिवशीच दिसते आणि त्याचा पंचनामा कोणी करत नाही.

सोयाबीनचे बाह्य आवरण अतिशय पातळ असते आणि बीजांकुर त्या आवरणाच्या अगदी लगत असतो. हा दाणा हवेतील ओलावा सहज ओढून घेतो. बियाण्यातील ओलावा एका टक्क्याने वाढला, तर त्याचे साठवणुकीतील आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा बीजशास्त्रातील ठोकताळा आहे, आणि उष्णता वाढली की हा ऱ्हास आणखी वेगाने होतो. आता आपल्या घरातील पोत्याचा प्रवास आठवून पाहावा. एप्रिलमध्ये ते पत्र्याखाली तापले आणि मे महिन्यात दमट हवेत, कित्येकदा ओल धरलेल्या भिंतीला टेकून किंवा थेट फरशीवर पडून राहिले. वरून दाणा पिवळाधमक दिसतो, हातात खुळखुळतो, दाताखाली कट्‌ असा फुटतोही, तरी त्याची उगवणशक्ती खालावलेली असू शकते. ज्यांनी उन्हाळी सोयाबीन बियाण्यासाठी घेतले आणि ज्यांची काढणी-मळणी मे महिन्याच्या पावसात सापडली, त्यांनी तर त्या बियाण्यावर चाचणीशिवाय अजिबात विश्वास ठेवू नये.

२०२० च्या खरिपात काय झाले, ते मराठवाडा आणि विदर्भातील शेतकरी विसरलेले नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीच्या वेळी पडलेल्या पावसाने बियाण्याचे सोयाबीन भिजले आणि पुढच्या जूनमध्ये हजारो शेतकऱ्यांची पेरणी उगवलीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्या प्रकाराची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या जूनमध्ये मी ज्या शेतांवर गेलो, तेथे विकतचे बियाणेही नापास झाले होते आणि घरचेही. मात्र चाचणी घेऊन पेरलेल्या शेतकऱ्यांपैकी दुबार पेरणीची वेळ आलेले मला क्वचितच आढळले. ओळीत ओळ मोकळी पाहून बांधावर बसलेली माणसे मी त्या वर्षी पाहिली, आणि त्यांतील बहुतेकांनी एक गोणपाट भिजवण्याचे काम तेवढे केलेले नव्हते.

चाचणीला एक रुपयाही लागत नाही. थप्पीतील वरच्या, मधल्या आणि सर्वांत खालच्या पोत्यात खोलवर हात घालून मूठमूठ दाणे काढावेत, कारण खालच्या पोत्याची अवस्था नेहमीच वेगळी असते. हे दाणे एकत्र मिसळून, निवड न करता, शंभर-शंभराचे तीन नमुने मोजावेत. चांगले टपोरे दाणे वेचून चाचणीला लावणारे शेतकरी मी पाहिले आहेत; अशी चाचणी म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. स्वच्छ धुतलेल्या गोणपाटाचे तुकडे ओले करून एका तुकड्यावर दीड ते दोन सेंटिमीटर अंतराने दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरा ओला तुकडा पसरावा, सैल गुंडाळी करून ती सावलीत ठेवावी आणि रोज पाणी शिंपडून ओलसर राखावी. पाणी साचू देऊ नये आणि दाणे आधी पाण्यात भिजत घालू नयेत, कारण एकदम पाणी पिऊन सोयाबीनचा दाणा फुटतो. सहा ते सात दिवसांनी गुंडाळी उघडून केवळ निरोगी, सरळ कोंब आणि मूळ असलेले दाणे मोजावेत. वाकडे, बुरशी आलेले किंवा अर्धवट मोड आलेले दाणे गणतीत धरू नयेत. आज संध्याकाळी गोणपाट भिजवले, तर १२ जूनपर्यंत निकाल हाती येतो आणि तोवर पेरणीचा पाऊस हुकण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

उगवण ७० टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर शिफारशीप्रमाणे एकरी ३० किलो बियाणे पुरेसे होते. त्याखाली प्रत्येक एका टक्क्यामागे एकरी अर्धा किलो बियाणे वाढवावे, म्हणजे ६५ टक्क्यांना साडेबत्तीस आणि ६० टक्क्यांना ३५ किलो. उगवण ६० टक्क्यांच्या खाली असेल, तर ते बियाणे म्हणून वापरूच नये. शिफारशीच्या पलीकडची माझी एक अनुभवाची गोष्ट आहे. भारी काळ्या जमिनीत, पेरणीनंतर लगेच जोराचा पाऊस येऊन वरचा थर घट्ट होण्याची शक्यता असेल, तर ७० टक्क्यांचे बियाणेही मी काठावरचेच मानतो आणि एकरी दोन किलो जास्त धरतो. गोणपाटात जे कोंब मलूल दिसतात, ते दबलेल्या मातीतून वर येत नाहीत, असे मी वारंवार पाहिले आहे.

विकतच्या पिशवीचीही हीच चाचणी घ्यावी. ती पिशवीही याच उन्हाळ्यात कोणत्या तरी गोदामात तापलेली आणि दमटलेली असते. पिशवी खालच्या बाजूने उघडावी, म्हणजे वरचे लेबल आणि शिवण शाबूत राहते. पावती पक्की घ्यावी, त्यावर लॉट क्रमांक लिहून घ्यावा आणि मूठभर बियाणे पिशवीतच राखून ठेवावे. उगवण झाली नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करताना एवढाच पुरावा उपयोगी पडतो. काउंटरवर बियाण्यासोबत एखादे टॉनिक, ‘उगवण वाढवणारे’ द्रावण किंवा दाणेदार पाकीट हातात दिले जाते, आणि खत हवे असेल तर तेही घ्यावे लागेल, असे लिंकिंग केले जाते. मेलेल्या दाण्याला जिवंत करणारे द्रावण अजून निघालेले नाही. त्या बाटलीच्या पैशात चार-पाच किलो बियाणे अधिक येते. ज्याला बीजप्रक्रिया म्हणतात, ती मात्र वेगळी आणि आवश्यक आहे. तिचे प्रमाण पुढे दिले आहे.

दुसरी घाई पावसाच्या हिशेबाची आहे. मे महिन्यात आपल्या गावात १५० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणून पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस हवा ही अट पूर्ण झाली, असे काही जण समजत आहेत. ती अट सलग येणाऱ्या मोसमी पावसाची आणि त्यामुळे जमिनीत खोलवर गेलेल्या ओलीची आहे. गेल्या आठवड्यातील उन्हाने आणि वाऱ्याने वरचा चार बोटांचा थर सुकला आहे, आणि बियाणे नेमके त्याच थरात पडते. खाली ओल आणि वर कोरडे, अशा जमिनीत दाणा थोडा फुगतो, कोंब टाकतो आणि तेथेच मरतो. कमी जोमाचे बियाणे तर असा एक दिवसाचा ताणही सहन करत नाही. शेतात तीन-चार ठिकाणी वीतभर खोल खणून माती मुठीत दाबावी. वरपासून खालपर्यंत एकसारखी ओल लागली आणि वाफसा, म्हणजे चिखल न होता पेरता येईल अशी ओल, असला, तरच तिफण जुंपावी. सोयाबीनची पेरणी १५ जुलैपर्यंत करता येते. मूग आणि उडीद यांना मात्र जूनअखेरची मर्यादा आहे, म्हणून पाऊस उशिरा सुरू झाला, तर आधी त्यांचा विचार करावा. कपाशी कोरडवाहू जमिनीत इतक्यात लावू नये.

मे महिन्याच्या पावसाने तण लवकर उगवले आहे. वखराची एक पाळी आताच दिली, तर पुढचे एक तणनाशक वाचते. त्याच ओलीने हुमणीचे, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीचे, भुंगेरेही लवकर बाहेर आले असून ते संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. तेथेच फांद्या हलवून गोळा करून मारावेत. २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिव भागात ज्यांचे कोवळे सोयाबीन शंखी गोगलगायींनी फस्त केले, त्यांनी बांधाच्या कडेला गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे रात्री ठेवून सकाळी गोगलगायी वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

पेरणीच्या वेळची नेहमीची कामे :

– बुरशीनाशक : कार्बोक्सिन ३७.५ टक्के + थायरम ३७.५ टक्के, ३ ग्रॅम प्रति किलो बियाणे
– खोडमाशीसाठी : थायमेथोक्झाम ३० एफएस, १० मिली प्रति किलो
– जिवाणू संवर्धने : रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी २५० ग्रॅम प्रति १० किलो, सर्वांत शेवटी, बियाणे सावलीत सुकवणे
– अंतर : दोन ओळींत ४५ आणि दोन रोपांत ५ सेंटिमीटर
– खोली : ३ ते ४ सेंटिमीटर, त्याहून खोल नाही
– खत : हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश, २० किलो गंधक
– शक्य तेथे रुंद वरंबा सरी (रुंद गादीवर पेरणी, दोन्ही बाजूंना सरी), अन्यथा चार ते सहा ओळींनंतर मृत सरी (निचऱ्यासाठी मोकळी सोडलेली सरी)

चाचणीचा निकाल येईपर्यंत पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत, थप्पी सात पोत्यांपेक्षा उंच करू नये आणि पोते खांद्यावरून खाली आपटू नये. ज्यांच्या बियाण्यात ओल जाणवते, त्यांनी ते सकाळच्या आणि उतरत्या उन्हात पातळ पसरावे. दुपारच्या उन्हात काळ्या ताडपत्रीवर वाळवलेल्या बियाण्याचे आवरण तडकते. औषधे मात्र पेरणीच्या दिवशीच चोळावीत. नापास ठरलेले साधे सोयाबीन बाजार समितीत धान्य म्हणून विकता येते, पण एकदा बुरशीनाशक लावलेले सोयाबीन ना गिरणीला चालते, ना जनावरांना.