ऑनलाइन वर्गात चर्चा करताना

माइक बंद ठेवा, हे मी पहिल्याच तासाला सांगते. एकदा माझाच उघडा राहिला आणि घरातली कुरबुर अख्ख्या वर्गाने ऐकली!

लेखी चर्चेत आधी वरची उत्तरं वाचा. नुसतं ‘सहमत’ लिहून सुटू नका, का पटलं तेही लिहा. पटलं नसेल तर मुद्द्याला धरा, माणसाला नको. ‘तुम्हाला विषय कळलाच नाही’ यापेक्षा ‘तुमचं दुसरं उदाहरण इथे लागू पडत नाही, कारण…’ असं लिहिलं की समोरचाही नीट उत्तर देतो. थट्टा जपून करा. लिहिताना आवाजाचा सूर पोचत नाही, त्यामुळे गमतीतलं ‘वा, काय हुशारी!’ टोमण्यासारखं लागतं. राग आलाय? उत्तर आधी वहीत लिहा, तासाभराने वाचा. माझी अशी कितीतरी उत्तरं वहीतच राहिली आहेत.